लोखंडी रथ आणि पप्पांची पांढरी गाडी

पप्पा,

तुम्हाला मातीत ठेवून आठवडा उलटला. क्वेकर्स हिलच्या या घरातली तुमची खोली अजून आवरलेली नाही. ग्लेन म्हणतो, राहू दे, घाई कसली? तुमचा मुलगा तुमच्यावर गेलाय, घाई त्याच्या रक्तात नाही. ती सगळी तुमच्या सुनेच्या वाट्याला आली. या घरात जे जे झटपट उरकलं गेलं ते मी उरकलं. त्यातलं एक असं उरकून बसले आहे की आता रडून, गुडघे टेकून, कशानेही ते मागे फिरवता येत नाही.

अंत्यविधीच्या वेळी लोक तुमच्याबद्दल चांगलं बोलले. वसईच्या शाळेत किती पोरांना इतिहास शिकवलात, मम्मी गेल्यावर या वयात नवा देश कसा आपलासा केलात, वगैरे. सगळं खरंच होतं, पण ऐकताना वाटत होतं, हे कुणा दुसऱ्याच सरांविषयी चाललंय. माझे पप्पा डायनिंग टेबलापाशी उभे असतात आणि माझ्या चांगल्या टेबलक्लॉथला चिमटे काढून त्याचे डोंगर करत असतात.

"बाय, इकडे बघ. हा पहाडी मुलूख. इथे इस्राएली. आणि हे खाली सपाट, इथे कनानी." सपाटीवर तुम्ही क्रीमची बिस्किटं मांडायचात. ते रथ. "लोखंडी रथ म्हणतात, पण अख्खा लोखंडाचा नव्हे हां. तेवढं वजन ओढताना घोडे मरतील. लाकडाचा सांगाडा, त्याला लोखंडाच्या पट्ट्या. एक हाकणारा, एक तिरंदाज. मैदानात याच्यासमोर पायी माणूस म्हणजे कापणीला आलेलं भात. आता हाच रथ डोंगरावर चढवून दाखव." मिया बिस्किट घडीवर चढवायला जायची आणि ते कलंडायचं. "ओ नो, आजोबा, इट्स बॉग्ड!" रथ रुतला! तुम्ही "एक्झॅक्टली!" म्हणत तो हरलेला रथ नातीच्या हातातून घेऊन खाऊन टाकायचात.

मग तुमचा तो प्रश्न यायचा. पवित्र शास्त्रात म्हटलंय की देव यहूदा वंशाच्या, म्हणजे इस्राएलींच्या, बाजूने होता, म्हणून त्यांनी पहाड जिंकले. पण मैदान काही त्यांना घेता आलं नाही, कारण तिथल्या लोकांकडे लोखंडी रथ होते. "देव बरोबर आहे ना? मग रथ आडवे आले कसे?" हा प्रश्न तुम्ही फादरना विचारला होता. त्यांनी सांगितलं, लोकांचा विश्वास कमी पडला. तुम्हाला ते काही पटलं नाही. विश्वास डोंगरावर पुरतो आणि सपाटीवर आल्यावर संपतो, असं कसं म्हणता येईल, असं तुमचं म्हणणं. मला तर तुम्ही कितीदा विचारलंत. मी लॅपटॉपवरून डोकं वर न काढता म्हणायचे, "पप्पा, मीटिंग आहे हो." पॅरामॅटाच्या ऑफिसातली ती मीटिंग कशाबद्दल असायची हे आज मला आठवत नाही. तुमचं स्वतःचं उत्तर काय होतं हे मी कधी विचारलंच नाही, आणि आता ते तुमच्याबरोबर गेलं.

तुम्ही आलात तेव्हा वाटलं होतं, हा माणूस इथे कोमेजणार. वसईत पारावर, देवळाबाहेर, बाजारात, जिथे जाल तिथे कुणीतरी "काय सर?" म्हणून थांबणारं. इथे दुपारी रस्त्यावर एक माणूस दिसेल तर शपथ. पण तुम्ही हट्टाने इथलं लायसन्स काढलंत. टेस्टमध्ये एकदा नापास झालात, रिव्हर्स पार्किंगमुळे, आणि परीक्षक बाई फार न्यायी होती म्हणून तिचं कौतुक करत घरी आलात. दुसऱ्यांदा पास झालात तेव्हा ग्लेनने तुम्हाला ती जुनी पांढरी छोटी गाडी घेऊन दिली. त्या दिवशी तुम्ही तिला पाणी मारून पुसलीत, नंतर पुन्हा पुसलीत. शेजारच्या बाई कुंपणावरून ओरडल्या, "लुकिंग गुड, मेट!" आणि तुम्ही लाजलात.

महिन्याच्या पहिल्या रविवारी एका चर्चमध्ये मराठी मिस्सा असायचा, तोही शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. ट्रेन बदला, मग बस, आणि रविवारची बस म्हणजे देवाची मर्जी. आसपास राहणारे आपल्याकडचे म्हातारे-म्हाताऱ्या मुलांच्या सवडीची वाट बघत घरी बसायचे. तुम्ही ग्रेसी आंटींना न्यायला लागलात, मग त्यांच्या ओळखीच्या एक, मग ते दोघं नवरा-बायको. "मिसरच्या रथात दोघं मावायचे," तुम्ही सांगायचात, "हित्तींच्या रथात तिघं. माझ्यात पाच, शिवाय ग्रेसीचा केकचा डबा." मिस्सा झाल्यावर हॉलमध्ये चहा, आणि चहावर तुमचा वर्ग. तिथेही कुणाच्या तरी शालीचे डोंगर व्हायचे म्हणे. मी एकदाही आले नाही. रविवार हा माझा कपडे धुण्याचा वार होता.

एक प्रसंग सांगताना तुमचा आवाज बदलायचा. कनानी सेनापतीचे सगळे रथ ओढ्याला लोंढा आल्यावर चिखलात रुतले, तो. "लोकांना यात चमत्कार दिसतो, मला आमच्या बापाची केळीची बैलगाडी दिसते. पावसाळ्यात एकदा चाक बसलं की बैलाच्या डोळ्यांत पाणी यायचं." सेनापती पळाला आणि मारला गेला. आणि तिकडे त्याची आई खिडकीत उभी राहून विचारतेय, अजून माझ्या लेकाचा रथ का नाही आला? बरोबरच्या बायका तिला समजावतात की लूट वाटून घेत असतील, म्हणून उशीर होतोय. "शत्रूची आई," तुम्ही म्हणायचात. "जिंकलेल्यांनी रचलेलं विजयगीत हे, त्यात ती कशाला हवी होती? पण कुणीतरी तिला ठेवलीय." एवढं बोलून तुम्ही चष्मा पुसायला लागायचात.

आता उन्हाळ्यातल्या त्या दुपारविषयी. टाळून उपयोग नाही.

शॉपिंग सेंटरच्या पार्किंगमध्ये तुमचा पाय ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटरवर पडला आणि गाडी ट्रॉल्यांच्या रांगेत घुसली. लागलं कुणालाच नाही. पण मागच्या सीटवर मिया होती. "मम, इट वॉज सो लाउड," एवढंच ती म्हणाली आणि फ्रीजमधून ज्यूस काढून प्यायली. तिच्या डोळ्यांसमोर ते तेवढ्यापुरतंच राहिलं. माझ्या डोळ्यांसमोरून मात्र ट्रॉल्यांच्या जागी कुणाचं मूल असतं तर, हे काही हलेना. मी तुम्हाला काही बोलले नाही. बोलले असते तर बरं झालं असतं. त्याच आठवड्यात, ज्या दिवशी ग्लेन तुम्हाला डेंटिस्टकडे घेऊन गेला त्या दिवशी मी गाडी विकून टाकली. ऑनलाइन टाकली होतीच, युनिव्हर्सिटीत जाणारा एक मुलगा आला, चक्कर मारून बघितली आणि घेऊन गेला.

तुम्ही परत आलात आणि गॅरेजच्या दारात थबकलात. जमिनीवर तेलाचा डाग होता, तिकडे बघत होतात. तुम्ही माझ्याकडे वळून काहीतरी बोलायला तोंड उघडलंत. मी तुम्हाला बोलूच दिलं नाही. सेफ्टी, वय, इन्शुरन्स, मिया, सगळं एका दमात बोलून मोकळी झाले, ऑफिसात प्रेझेंटेशन देतात तसं. तुम्ही शेवटपर्यंत ऐकलंत. "बरं," म्हणालात. मग आत जाता जाता, "मागच्या सीटवर माझी टोपी राहिली होती."

त्यानंतर थोड्या दिवसांनी जेवताना तुम्ही तो विषय काढलात. इस्राएलींनी उत्तरेकडच्या राजांना हरवलं तेव्हाचा. हाती लागलेल्या घोड्यांच्या धोंडशिरा, म्हणजे मागच्या पायांच्या शिरा, तोडायच्या आणि रथ जाळायचे, अशी आज्ञा होती. "विचार कर, बाय. तेच रथ वापरले असते तर मैदानही मिळालं असतं. मग का जाळले?"

मला कळलं हे कुठे चाललंय. मी म्हटलं, "बरोबरच केलं. हातात रथ आला की माणूस स्वतःला राजा समजायला लागतो."

"हो," तुम्ही म्हणालात. "पुढे तसंच झालं. राजे झाले, तबेले बांधले, मिसरहून रथ मागवले आणि देवाला विसरले. रथ जाळलेले मला कळतात. घोड्यांचं काय चुकलं होतं, ते कळत नाही."

"पप्पा, टोमणे मारू नका. सरळ बोला ना."

"टोमणा नाही गं. इतिहास सांगतोय."

मग माझा तोल गेला. तुमच्या मागे माझी मुलगी बसली होती, असं मी ओरडले. उद्या काही झालं असतं तर तुमचा इतिहास चुलीत घालायचा होता का, असंही म्हणाले. हे शब्द माझ्याच तोंडचे आहेत, आणि समोर माझी मुलगी बसली होती. तुम्ही भाताचा घास खाली ठेवलात आणि म्हणालात, "मियाचं तू म्हणतेस ते खरं आहे." भांडणात समोरचा असं म्हणाला की पुढे काय बोलायचं, हे मला कुणी शिकवलेलं नाही. मी उठून भांडी घासायला लागले. तो वाद तिथेच राहिला, पप्पा. तुम्ही तो पुन्हा काढला नाहीत आणि माझी हिंमत झाली नाही.

आणि गंमत बघा. मला गाडी शिकवली कुणी? मी ठाण्याची, नवी नवरी, वसईत आलेली. तुम्ही रोज सकाळी मला किल्ल्याकडच्या रस्त्यावर घेऊन जायचात. एके दिवशी मी तुमची गाडी थेट शेजाऱ्यांच्या कुंपणात घातली. कुंपण आडवं, दिवा फुटला, आणि मी स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडतेय. मम्मी धावत आल्या आणि त्यांनी सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं मला सुनावलं. तुम्ही मात्र खाली उतरून पाहणी केलीत आणि म्हणालात, "तटबंदी पहिल्याच हल्ल्यात पडली." दुसऱ्या दिवशी सकाळी किल्ली पुन्हा माझ्याच हातात दिलीत. मी नको नको म्हणत होते. तुम्ही शेजारच्या सीटवर जाऊन बसलाही होतात. आज मी या शहरात रोज हायवेवर गाडी चालवते ती त्या सकाळमुळे. हे मी तुम्हाला कधी बोलून दाखवलं नाही. गाडी विकली त्या दिवशी तर मला ते आठवलंही नव्हतं.

"मी नेईन ना मिस्साला," असं मी म्हटलं होतं. पहिल्या महिन्यात काम निघालं. दुसऱ्या महिन्यात मियाची नेटबॉलची मॅच. फोनवरून टॅक्सी कशी बोलवायची ते शिकवलं तर तुम्ही मान डोलावलीत आणि कधीच बोलावली नाहीत. मग तुम्हीच सांगितलंत, "या वेळी राहू दे. गुडघा धरलाय." मी लगेच विश्वास ठेवला. सोयीचं खोटं चटकन पटतं. एका पहिल्या रविवारी मी कपड्यांची टोपली घेऊन हॉलमधून जात होते तर तुम्ही इस्त्रीचा शर्ट घालून, केस विंचरून खिडकीत उभे. मी विचारलं, "कुठे निघालात?" तुम्ही म्हणालात, "कुठे नाही. रविवार आहे." मी टोपली घेऊन मागच्या अंगणात गेले. कपडे वाळत घालताना हात थांबले होते, हे खरं, पण थांबून पुन्हा सुरू झाले हेही खरं.

त्या महिन्यांत टेबलावरचे रथ गेले आणि तटबंदीची शहरं आली. मियाच्या ठोकळ्यांची वेस, आत पहारेकऱ्यांच्या खोल्या, टेकाडावर शहर. मी स्वयंपाक करता करता ऐकायचे. "भिंतीने शहर वाचत नाही, मिया. पाण्याने वाचतं. झरा बाहेर, तटाच्या खाली. म्हणून आतून कातळ फोडत भुयार नेलं, की वेढा पडला तरी बाहेर न जाता घागर भरता यावी."

"बट व्हाय डोन्ट दे जस्ट फाइट?"

"वेढा घालणारा लढत नाही गं. तो नुसता बसून राहतो. आतल्यांचं संपेपर्यंत."

तेव्हा कढईत काहीतरी करपलं आणि मी चिडले, एवढं लक्षात आहे. आपल्या घराला कॅमेरा आहे, अलार्म आहे, आपोआप उघडणारं गॅरेजचं दार आहे. तुमच्याकडे येणारं माणूस तेवढं कुणी नव्हतं. मिया शाळेत, आम्ही दोघं कामावर, आणि तुम्ही फोनवर. तुम्ही कुणाशी काय बोलता हे विचारायला मला वेळ नव्हता.

थंडीत एका सकाळी खुर्चीत बसल्या बसल्या तुम्ही गेलात. चहा अर्धा प्यायलेला होता. डॉक्टर म्हणाले, हृदय थकलं होतं, कुणी काही करू शकलं नसतं. ग्लेनला त्या वाक्याने धीर आला. मला आला नाही, कारण मी हृदयाबद्दल विचारतच नव्हते.

दफनानंतर चर्चच्या हॉलमध्ये चहा होता. तुमचे चौघेही आले होते. ग्रेसी आंटींना त्यांच्या नातवाने आणून सोडलं होतं. मी सँडविचचा ट्रे फिरवत होते, तेव्हा त्यांनी माझा हात धरला.

"पोरी, सरांची गाडी आली का गं दुरुस्त होऊन?"

"दुरुस्त?"

"मेकॅनिककडे होती ना इतके महिने? दर पहिल्या रविवारी सरांचा फोन. ग्रेसी, पार्ट अजून आला नाही. जपानहून बोटीने येतोय. मग म्हणाले, बोट दुसऱ्याच बंदराला लागली. मग पार्ट चुकीचा आला, परत पाठवला."

मी ट्रे टेबलावर ठेवला. पप्पा, तुम्ही आयुष्यभर पोरांना खोटं बोललं म्हणून छड्या दिल्यात, आणि शेवटचे सहा-सात महिने बोटी हाकत राहिलात, कशासाठी तर सुनेचं नाव चारचौघांत निघू नये म्हणून. मला गप्प बसता आलं असतं. तुम्ही तशी सोय करूनच गेला होतात. बाजूला लोक होते, मी हळू आवाजात म्हटलं, "आंटी, गाडी दुरुस्तीला नव्हती. मी विकली होती. त्यांना न विचारता."

आंटींनी कप बशीत ठेवला. "ठाऊक आहे."

"त्यांनी सांगितलं?"

"ते कशाला सांगतील? तो मुलगा आमच्याच गल्लीत राहतो, नवशिक्यांची ती लाल पी-पाटी लावून फिरतो. मागच्या काचेवर मरियामातेचा स्टिकर तसाच आहे, त्याने काढलासुद्धा नाही. आम्ही चौघांनी पहिल्या महिन्यातच ओळखली. पण सरांना काय म्हणणार? आम्ही आपलं दर वेळी विचारायचो, पार्ट आला का?"

मी म्हटलं, मग मिस्साला तुम्ही लोक कसे जात होतात? त्या म्हणाल्या, "नव्हतो जात. कोण नेणार?" आवाजात राग नव्हता. मी एका माणसाची गाडी काढून घेतली असं समजत होते. पाच माणसांचा रविवार गेला होता, आणि ती पाचही माणसं मला सांभाळून घेत होती.

मी कशीबशी म्हणाले, "आंटी, मला भीती वाटली हो. मिया होती गाडीत. ते गाडी सोडायला तयार झाले नसते."

तेव्हा त्यांनी माझ्याकडे जरा आश्चर्याने पाहिलं.

"सोडणारच होते की. ती ट्रॉल्यांची धडक झाली त्याच संध्याकाळी फोन आला मला. म्हणाले, ग्रेसी, आता पुरे. नात मागे होती, माझे पाय अजून थरथरतायत. येत्या रविवारी तुम्हा सगळ्यांना शेवटचं नेतो, मिस्साला सांगून टाकतो, आणि घरी जाऊन किल्ली सुनेच्या हातात देतो. ती लय घाबरली असेल, तिला बरं वाटेल." आंटींनी पदराने डोळे टिपले. "आम्ही आवरून बसलो होतो गं त्या रविवारी. मी केक केला होता. मग फोन आला, पार्ट यायचाय म्हणून."

पप्पा, गॅरेजच्या दारात तुम्ही तोंड उघडलं होतंत. मी तुम्हाला एक वाक्य बोलू दिलं असतं तर.